आवक क्रमांक ४१७

तो कागद तिनं माझ्याच हातात दिला होता.
जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं होती,
बोटांना अजून मेथीचा वास.
वहीतून फाडलेलं पान, अक्षरं रेघा सोडून खाली उतरलेली,
सही : जयवंती तांडेल, वय एकोणीस, राहणार वेसावे.

मी वाचलं नाही.
खरं सांगायचं तर चौथ्या ओळीपर्यंत वाचलं,
'मावशींना बाहेर पाठवून पडदा ओढला' इथपर्यंत,
आणि शिक्का मारला.
नीट उमटला नाही, म्हणून शाई लावून परत मारला.
'विषय' या रकान्यात काय लिहावं कळेना.
रकाना दोन बोटांचा.
मी लिहिलं : किरकोळ.

कागद वर गेला.
वर म्हणजे तिसरा मजला, जिथे लिफ्टमन आधी विचारतो, मग नेतो,
जिथे देणगीदारांची नावं संगमरवरात कोरलीत
आणि दर गुरुवारी ओल्या फडक्यानं पुसतात.
समिती एकदाच बसली. मला ठाऊक आहे,
कारण चहाचं व्हाउचर माझ्याकडे आलं :
सात कप, दोन बिनसाखरेचे.
मुलीला बोलावल्याची नोंद नाही.

पंधरा दिवसांनी, जावक ५३०.
डॉक्टरांची बदली, आपल्याच ट्रस्टच्या मुलुंडच्या इस्पितळात,
सोबत वर्तणुकीचं पत्र.
टाइप मीच केलं. पहिल्या खेपेला 'निष्कलंक' चुकलं,
दुरुस्त करून पुन्हा छापलं.
निरोपाला शाल, नारळ, आणि वर्गणीतून घेतलेलं घड्याळ.
मी पन्नास रुपये दिले.

मुलुंडला पुढं काय झालं ते आमच्याकडे येत नाही,
त्यांचं रजिस्टर वेगळं.
एवढं कानावर आलं की तिथंही एक बाई तोंडी बोलून गेली.
तोंडी बोलण्याला क्रमांक नसतो.

बारा वर्षांनी तिच्या वकिलाची नोटीस आली.
तिला आमचं उत्तर गेलं :
'सदर स्वरूपाची कोणतीही तक्रार
संस्थेच्या अभिलेखात आढळून येत नाही.'
ते जावकात चढवताना माझा हात थांबला.
हाताचं कौतुक नको.
तो बारा वर्षं चालतच होता.

जुनी रजिस्टरं तळघरात, ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यांमागं.
शिपाई पाटकर कंदिलासारखा मोबाइल धरून उभा,
म्हणाला, बाई, मार्चात रिटायर होताय, कशाला?
चुकीचं नव्हतं त्याचं. ग्रॅच्युइटी अजून मिळायची होती,
आणि ती सही होते तिसऱ्या मजल्यावर.
वाळवीनं चारशेच्या आसपासची पानं चाळणी करून टाकलेली.
चारशे सतरा आहे.
शिक्का दोनदा.

शिवडीच्या कोर्टात संस्थेच्या वकिलानं विचारलं,
शांतपणे, चष्मा पुसत,
'विषय किरकोळ, असं तुम्हीच लिहिलंय ना?'
हो, म्हटलं. अक्षर माझं.
शिक्का संस्थेचा.
दोन्ही लिहून घ्या.

नंतर बाहेर बाकावर ती बसली होती,
मांडीवर स्कूटरचं हेल्मेट, त्याच्या काचेवर नखानं काहीतरी खरवडत.
मी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ते आठवेना.
तीच बोलली :
त्या दिवशी मला कुणीतरी पाणी दिलं होतं,
स्टीलच्या पेल्यात, अगदी थंड.
तुम्हीच का त्या?

हो म्हणणं किती सोपं होतं.

नाही, म्हटलं.
ती दुसरी कुणीतरी.